जत्रेपुरतं घर

परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्या नीट पाहाव्यात. एरवी त्यांत कापूस असतो, तुरीचं कुटार असतं, नाहीतर शेणखत. या दिवसांत त्यांचं रूप बदलतं. चारही कोपऱ्यांवर लोखंडी पाइप उभे असतात, पाइपांवर बांबूच्या कमानी, कमानींवर ताडपत्री. खाली कुटाराचा हातभर थर आणि त्यावर सतरंज्या, गोधड्या. पुढच्या फाळक्याशी कणकेचा डबा, वांग्यांची थैली, गोवऱ्यांची पोती, एक मोठी हंडी आणि पाण्याचा निळा ड्रम. हे सगळं बहिरमला निघालेलं असतं.

बहिरम म्हणजे चांदूर बाजार तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं आणि मध्य प्रदेशाच्या सीमेला खेटून असलेलं ठिकाण. बहिरमबुवाची शेंदूर-लोण्यानं माखलेली भव्य मूर्ती आणि २० डिसेंबरपासून जानेवारी संपेपर्यंत चालणारी यात्रा. महिनाभरापेक्षा जास्त चालणारी यात्रा म्हटली की मुक्काम आलाच. दर्शन अर्ध्या तासाचं. खरा कार्यक्रम राहुटीसमोर गोवऱ्यांवर रोडगे भाजायचा, हंडीत मटण किंवा वांग्याची भाजी शिजवायचा, आणि सोयऱ्या-धायऱ्यांना बोलावून जेवू घालायचा. पूर्वी यासाठी गावंच्या गावं बंड्या, म्हणजे बैलगाड्या, जुंपून येत. आता ट्रॅक्टर येतात, जीप येतात, पिकअप येतात. थंडीत उघड्यावर चूल आणि चाकांवरचा आडोसा, हा बेत मात्र टिकून आहे.

परदेशात ज्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात, ते मोटारीमागे जोडायचं छोटं घर, त्याचे शौकीन आपल्याकडेही हल्ली दिसू लागलेत. त्यांचे व्हिडिओ पाहताना वाटतं, की हे प्रश्न आपल्या ओळखीचे आहेत. वजन कुठं ठेवायचं, चाक कधी उघडून पाहायचं, पाणी किती न्यायचं, उतारावर मागचं धूड पुढच्यावर कसं चढू द्यायचं नाही. वऱ्हाडात या प्रत्येकाचं उत्तर कोणाच्या ना कोणाच्या गोठ्यात पडून आहे. एक फरक मोठा आहे. विलायतेत हौसेचं फिरतं घर पहिल्यापासून वेगळं वाहन होतं. गॉर्डन स्टेबल्स या नौदलातल्या निवृत्त डॉक्टरानं १८८५ साली ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाचं घोड्यांनी ओढायचं घर बनवून घेतलं, ते फक्त हिंडण्यासाठी. आपल्याकडे नुसत्या हिंडण्यासाठी गाडी पोसणं कोणाला परवडलं? जी बंडी खत वाहते तीच जत्रेला जाते. म्हणून इथं केलेला प्रत्येक फेरफार परत उतरवता आला पाहिजे. माझ्या मते वऱ्हाडी कारागिरीचं खरं मर्म तिथंच आहे, आणि नव्या शौकिनांनी शिकावं ते हेच.

अपवाद एक होता, दमणीचा. देशमुखांच्या, पाटलांच्या वाड्यात दमणी असे ती माणसांसाठीच. बंडीपेक्षा हलकी, बांधा आटोपशीर, वर वेताची किंवा बांबूच्या कामट्यांची कमान, आत गादी-तक्क्या, बाजूला पडदे. लेकीला माहेरी आणायला, लग्नाच्या वऱ्हाडाला, आणि बहिरम किंवा ऋणमोचनच्या यात्रेला. तिला जुंपायचे ते चालीचे बैल. वर्धेकडची गवळाऊ जात या कामात नावाजलेली. अंगानं सडसडीत, पायानं चपळ. याहूनही हलकी ती रेंगी, एक-दोन माणसांपुरती, आणि शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, शौकिनाचा जीव की प्राण. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये शर्यतींना मुभा देणाऱ्या राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. त्यानंतर तळेगाव दशासरसारख्या पटाच्या गावी पुन्हा हालचाल सुरू झाली. पण पटाचा छकडा हा वेगाचा विषय, मुक्कामाचा नव्हे. तो इथंच सोडतो.

दमणी असो की बंडी, तिची देखभाल म्हणजे मुख्यतः चाकाची देखभाल. हे प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं, कारण ते पाहिलेली पिढी आता ओट्यावर बसलेली आहे.

चाकाच्या मध्यभागी तुंबा. त्यात ठोकलेले आरे. आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर पुट्ठे, म्हणजे वर्तुळाचे लाकडी तुकडे. एका पुट्ठ्यात दोन आरे बसतात. बारा आऱ्यांच्या चाकाला सहा पुट्ठे. यात गोंद नाही, स्क्रू नाही, नुसत्या खाचा. तुंबा आणि पुट्ठे बाभळीचे, कारण बाभूळ चिवट, धक्का खाऊन फुटत नाही. कण्याला धावडा किंवा तिवस, दोन्ही मेळघाटातली लाकडं. परतवाड्याची लाकडाची बाजारपेठ याच जंगलावर उभी राहिली. मेळघाट १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झाला आणि जंगलातलं लाकूड पूर्वीसारखं हाताशी राहिलं नाही. लोखंडी कणा गावोगाव पोचण्यामागे लोखंडाच्या मजबुतीइतकंच हेही कारण असावं.

हे सगळे तुकडे एकत्र धरून ठेवते ती धाव, चाकावरची लोखंडी पट्टी. साडेचार फुटांच्या चाकाचा परीघ चौदा फुटांच्या आसपास. लोहार दोरीनं किंवा चकती फिरवून परीघ मोजतो आणि धाव मुद्दाम जराशी तोकडी ठेवतो. किती तोकडी, हे तो शाळेत शिकलेला नसतो. पण गणित सोपं आहे. लोखंड सहाशे अंशांनी तापलं की चौदा फुटांमागे साधारण सव्वा इंच वाढतं. म्हणून तोकडेपणा सव्वा इंचाच्या आतच हवा. जास्त ठेवला तर तापूनही धाव चढत नाही, कमी ठेवला तर थंड झाल्यावर पकडत नाही. गोवऱ्यांच्या गोल भट्टीत धाव लाल होते, तिघं-चौघं सांडशीनं उचलून ती चाकावर बसवतात, घण मारतात, लाकूड पेट घेऊ लागतं आणि त्याच क्षणी पाणी ओततात. धाव आवळते, पुट्ठे आत सरकतात, आरे तुंब्यात कच्च बसतात. या वेळी चाकातून जो कुरकुर आवाज येतो त्यावर लोहार काम जमलं की नाही ते ओळखतो.

आणि मग उन्हाळा येतो. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीस-शेहेचाळीसवर जाणं नेहमीचंच. त्या कोरड्या उन्हात लाकूड आकसतं, धाव सैल होते, बंडी चालताना खुळखुळ वाजते. उपाय दोन: धाव कापून पुन्हा आवळणं हा खर्चाचा, आणि चाकं काढून नदीच्या डोहात रात्रभर बुडवून ठेवणं हा फुकटचा. पाणी पिऊन लाकूड फुगतं आणि चाक पुन्हा गच्च होतं, तात्पुरतं का होईना. कण्याला वंगण म्हणजे एरंडीचं तेल आणि काजळी. त्याचा नळा बंडीखाली टांगलेला असायचा. लांबच्या मजलेत ठरावीक टप्प्यावर थांबून वंगण घालायचं, बैलांना पाणी दाखवायचं आणि चाकाची खीळ हातानं चाचपायची. धुरकऱ्याला, म्हणजे बंडी हाकणाऱ्याला, हे सांगायला लागत नसे. विसरला तर चाक निघून शेजारून पुढं पळायचं.

नव्या ट्रेलरवाल्यांना हेच सांगावं लागतं. त्यांच्या चाकात बेअरिंग असते, तिला ग्रीस असतं, नटाला आडवी पिन असते. वर्षातून एकदा हब उघडायचा, जुनं ग्रीस रॉकेलनं धुवून काढायचं, बेअरिंगचे दाणे निळसर पडलेत का पाहायचं, नवं ग्रीस हाताच्या तळव्यावर घेऊन दाण्यांत दाबून भरायचं, पिन मात्र नवीच घालायची. नंतर वीसेक किलोमीटर जाऊन थांबायचं आणि हबला हाताची पाठ लावून पाहायची. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर पुढं जायचं नाही. परतवाडा काय, मूर्तिजापूर काय, ट्रॉलीचं काम करणारा कोणताही मिस्त्री हेच सांगेल, फक्त चार शब्दांत: “हात लावून पाय, भाऊ.”

हवेचं चाक बंडीला लागलं आणि ओझं दुपटीवर गेलं. लोखंडी धावेची बंडी टनभर माल नेते, टायरची बंडी त्याच बैलजोडीला दोन टन ओढू देते. बेंगळुरूच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी तर बैलगाडी सुधारण्याचा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर लावून धरला होता. लोकांनी तेव्हा त्यांना हसून घेतलं. बैलाच्या खांद्यावरचं ओझं कमी करणं हा अभियांत्रिकीचा प्रश्न आहे, हे त्यांचं म्हणणं मला आजही पटतं. काळ्या मातीत मात्र टायरचं कौतुक मर्यादित. भारी जमिनीत पावसानंतर अरुंद टायर फसतो तो फसतोच, तर मोठं लाकडी चाक उंच असल्यानं खड्ड्यातून वर चढतं. आजही ट्रेलर शेतात उभा करायचा असेल तर जॅकखाली आणि चाकाखाली फळी टाकल्याशिवाय करू नये. वऱ्हाडातली जमीन वरून टणक दिसते आणि एका सरीनंतर लोण्यासारखी होते.

आता वजनाकडे येतो.

दोन चाकांच्या गाडीत ओझं चाकाच्या मागं जास्त झालं की ती उलाळ होते, धुरा वर उचलला जातो आणि जू बैलांच्या गळ्याला फास लावू लागतं. ओझं पुढं जास्त झालं की जुवाखालची मान दबते, खांदे सोलपटतात, बैल बसतात. म्हणून कापसाची बंडी भरताना धुरकरी आधी धुरा हातानं उचलून पाहतो. थोडा जड हवा, पण एका माणसाला उचलेल इतकाच. रस्त्यात चढ लागला तर तो पुढं सरकून बसतो, उतार लागला की मागं. म्हणजे स्वतःच्या शरीराचं वजन तो तागडीत टाकत राहतो. “उलाळ नको अन् मानेवरही नको,” इतक्यात सगळा विषय आला.

मोटारीमागच्या ट्रेलरचा नियम हाच, फक्त टक्क्यांत मांडलेला: एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार जोडणीच्या हुकावर पडला पाहिजे. त्याहून कमी पडला तर वेग वाढताच ट्रेलर शेपटासारखा डावी-उजवीकडे झोके खाऊ लागतो, आणि एकदा झोके सुरू झाले की घाबरून ब्रेक दाबणं म्हणजे ते वाढवणंच. अशा वेळी वेग आपोआप उतरू द्यावा, स्टिअरिंग सरळ धरावं. हुकावर भार जास्त पडला तर ओढणाऱ्या गाडीचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात. पाण्याच्या ड्रमचं बघा. दोनशे लिटरचा ड्रम म्हणजे दोनशे किलो. तो मागच्या फाळक्याशी ठेवला तर घरून निघताना ट्रॉली उलाळ, आणि बहिरमला अर्धा ड्रम संपल्यावर परत येताना सगळा हिशेबच निराळा. शिवाय अर्धवट भरलेलं पाणी हिंदकळतं ते वेगळंच. ड्रम चाकाच्या कण्याच्या बरोबर वर, किंचित पुढं ठेवावा. पूर्ण भरावा किंवा रिकामाच न्यावा.

वजनावरचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे सामानच कमी नेणं, आणि ती गोष्ट निघाली की गाडगेबाबा आठवतातच. अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचा हा माणूस एका गाडग्यानिशी महाराष्ट्र पालथा घालत राहिला. डोक्यावर टोपीसारखं आणि जेवायला ताटासारखं तेच. ते गेले २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगावच्या पेढी नदीकाठी, प्रवासातच. बहिरमची यात्रा सुरू होते ती हीच तारीख. जत्रेतल्या पशुहत्येविरुद्ध आणि उधळपट्टीविरुद्ध आयुष्यभर बोललेल्या माणसाला हा योगायोग कसा वाटला असता, कोण जाणे.

ट्रॉलीचं कौतुक करताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. शेतीच्या ट्रॉलीतून माणसं नेणं कायद्याला धरून नाही, आणि कायदा इथं बरोबर आहे. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. थांबवायचं सगळं काम ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर. उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते, वळणावर ती आडवी येते आणि दोन्ही मिळून उलटतात. मागचा दिवा तुटलेला, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला, आणि रात्री रस्त्याच्या कडेला उभी ट्रॉली: मोटरसायकलवाल्यांचे किती जीव असे गेलेत ते कोणत्याही गावात विचारावं. हल्ली शहाणी कुटुंबं ट्रॉलीत सामान पाठवतात आणि माणसं जीपनं किंवा एसटीनं जातात. अजून सगळी शहाणी झालेली नाहीत. निदान दोन लाल रिफ्लेक्टर पट्ट्या, एक चालू दिवा आणि जोडणीच्या पिनेशिवाय वेगळी साखळी, इतकं तरी असावं. पिन तुटली तर ट्रॉली साखळीवर लटकते. साखळी नसेल तर ती आपल्या मर्जीनं जाते.

सरकारदरबारी फिरतं घर आता पर्यटनात मोडतं. महाराष्ट्र मंत्रिमंडळानं फेब्रुवारी २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केलं: कॅरॅव्हॅनची नोंदणी, त्यांच्यासाठी वाहनतळ, तिथं पाणी-वीज-सांडपाण्याची सोय. कल्पना चांगली. वऱ्हाडात तिला जागाही आहे: चिखलदरा आहे, नरनाळा किल्ल्याचा पायथा आहे, बाळापूरची मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे, कौंडण्यपूरचा वर्धाकाठ आहे. रस्ताही आहे; किंबहुना रस्त्याचा विक्रमच आहे. जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अमरावती जिल्ह्यातलं लोणी ते अकोला जिल्ह्यातलं माना असा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि गिनीज बुकात गेला. अशा गुळगुळीत रस्त्यावर मागे ट्रेलर असल्याचा विसर पडतो, धोका तोच. पाठीमागे ओझं असताना माझ्या लेखी साठ हा वेग पुष्कळ झाला.

आपल्याकडे मोटारीमागचा ट्रेलर अजून फारसा रुळला नाही, याला कारणं आहेत. ट्रेलर हे कायद्यानं स्वतंत्र वाहन, त्याची नोंदणी वेगळी. घरी फाटकातून आत घ्यायला जागा हवी, रिव्हर्स घेताना उलटं डोकं चालवावं लागतं; ट्रॉली मागं घेता येणारा पोरगा गावात भाव खातो तो उगीच नव्हे. म्हणून लोकांची पसंती पिकअपवर बसवायच्या डब्याला. मालवाहू हौद्यात उतरवायचा, चार पायांवर उभा राहणारा, दोघा-तिघांना झोपता येईल असा डबा. मुळात गाडीचा ढाचा कायमचा बदलला तर परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते, आणि ती न घेता फिरणं म्हणजे अपघातात विम्यावर पाणी सोडणं. उतरवता येणारा डबा हा माल म्हणून राहतो की फेरफार ठरतो, हे बांधकाम सुरू करण्याआधी कार्यालयात जाऊन लेखी विचारावं. वेल्डिंगवाल्याचं मत त्याबाबतीत ग्राह्य धरू नये.

डबा बांधताना वऱ्हाडात पहिला शत्रू ऊन. पत्र्याचा डबा मे महिन्यात भट्टी होतो. दोन पत्र्यांमध्ये थर्माकोल किंवा फोम, छतावर पांढरा रंग, आणि छतापासून वीतभर वर दुसरी ताडपत्री, म्हणजे मधून वारा वाहील. एसीच्या नादी लागू नये. आपली हवा कोरडी आहे, इथं कुलर चालतो. लहान कुलरला दीडशे-दोनशे वॅट लागतात. दीडशे अँपिअरतासांची बारा व्होल्टची बॅटरी अठराशे वॅटतासांची, पण साध्या बॅटरीतून निम्मीच वीज काढावी. म्हणजे कुलर पाच तास चालेल. सोलर पाटी लावली तर दिवस निघतो. वाळ्याचे ताटे भिजवून खिडकीला लावले तर वीजही लागत नाही, मात्र पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात अकोल्यात पाणी मागणं विजेपेक्षा अवघड.

चिखलदऱ्याला जायचं तर घाट. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवर हे गाव, राज्यात कॉफीची लागवड असलेलं म्हणून पोरांना पाठ करायला लावतात ते. चढताना इंजिन तापतं, त्याला थांबून वारा देता येतो. उतरताना ब्रेक तापतात आणि तिथं थांबायची सोय नसते. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेक दाबून धरायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा. जुने लोक घाटउतारावर बंडीच्या चाकाला लाकडी ठोकळा दोरानं आवळत, बैलांवर भार येऊ नये म्हणून. व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या रस्त्यावर कुठंही गाडी लावून चूल पेटवायची नाही. मुक्काम गावात, पर्यटन महामंडळाच्या निवासाच्या आवारात किंवा परवानगी असलेल्या जागीच. जेवण उरलं म्हणून बाहेर ठेवू नये. अस्वलाला भाताचा वास फार लांबून येतो.

हे सगळं करून झालं की डबा पिकअपवरून उतरवायचा असतो, आणि इथं वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागाईतदाराचं वेळापत्रक कामी येतं. आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चात. त्या दोन्ही हंगामांत पिकअपला क्रेट वाहण्यावाचून गत्यंतर नाही. मधल्या डिसेंबर-जानेवारीत ती मोकळी असते, आणि बहिरम बरोबर तेव्हाच भरतं. डब्याचे चार पाय खाली सोडायचे, हौद्याचे बोल्ट काढायचे, गाडी खालून पुढं घ्यायची. दोन माणसं असली तर चहा उकळेपर्यंत काम होतं.